वणव्यावर चढलेली जीप

शाहूवाडीच्या शाळेत शिकवायला होतो तेव्हा दर उन्हाळ्यात आम्ही दहा-बाराजण वणवा विझवायला जायचो. हातात ओले डहाळे, पाठीवर फवारणीचे पंप. तालुक्याचा मोठा बंब डोंगराच्या पायथ्याशीच थांबायचा, कारण वर त्याच्याजोगी वाटच नव्हती.

आमच्यात एक मिस्त्री होते. हातकणंगल्याहून येऊन त्यांनी इथं गॅरेज टाकलेलं. त्यांनी भंगारातली एक जुनी जीप मिळवली, चारही चाकांना ओढ असलेली. मागं पाचशे लिटरची पत्र्याची टाकी, पंप आणि लांब पाईप बसवला. पहिल्याच चाचणीत वळणावर टाकीतलं पाणी एका अंगाला गेलं आणि जीप दरीकडं कलली. मी तर उडीच मारली. मिस्त्रींनी जीप गॅरेजात परत नेली. त्यांनी टाकी कापली, पाणी एकदम हिंदकळू नये म्हणून आत भोकं पाडलेले आडवे पत्रे वेल्ड केले आणि पुन्हा त्याच वळणावर जीप घातली. ती सरळ वर गेली.

मार्चमधल्या एका दुपारी फोन आला की, पठारावरचा वणवा धनगरवाड्याकडं सरकतोय. आम्ही पोचलो तेव्हा जाळ गोठ्यांपासून हाकेच्या अंतरावर होता. बायामाणसं म्हशी सोडत होती. मी पाईप धरून उंच ज्वाळांवर पाणी मारत सुटलो. मिस्त्री जीपमधूनच म्हणाले, "गुरुजी, जाळावर न्हाय, गवताच्या बुडात मारा. पाणी थोडंच हाय."

तसं केल्यावर जाळ बसू लागला. टाकी दोनदा रिकामी झाली, दोन्ही वेळा त्यांनी खालच्या विहिरीवरून ती भरून आणली. उरलेला काठ आम्ही डहाळ्यांनी झोडपून विझवला. एकही गोठा जळाला नाही.

आम्ही सगळे पाण्यावर तुटून पडलो. एका बाईनं मिस्त्रींपुढं तांब्या धरला. "पावणं, घोटभर तर घ्या."

"रोजा हाय, वहिनी. दिवस बुडू दे."

मला लाजल्यासारखं झालं. दुपारपासून त्यांच्या शेजारी राहून माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी त्यांना सावलीत बसायला सांगितलं. पण ते काळ्या पडलेल्या गवताच्या कडेनं चालत निघाले. दर चार पावलांवर वाकायचे, जमिनीवर तळहात टेकवायचे, आणि कुठं ऊब लागली की मला पाईप घेऊन यायला हाक मारायचे.