हनूना नावाची संत

आमच्या मल्लावी गावात वदीदाबाईंना लेखिका म्हणून कोणी ओळखत नाही. शिवणाच्या बाई म्हणूनच ओळखतात. मुलींच्या शाळेत त्यांनी हयातभर शिवण शिकवलं. आईच्या त्या चुलत बहीण, म्हणून मी मावशी म्हणतो; बाकी सगळं गाव बाई म्हणतं. लग्न का नाही केलं असं कोणी विचारलं की म्हणायच्या, "माप घेतलं होतं एकदोघांचं. कापड वाया गेलं असतं."

निवृत्त झाल्यावर त्या लिहायला बसल्या, तेही रागापोटी. शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, इफ्ताह नावाच्या सेनापतीची गोष्ट आहे. लढाई जिंकलो तर घरातून जे पहिलं सामोरं येईल ते देवाला अर्पण करीन, असा नवस तो बोलतो. सामोरी येते त्याची एकुलती एक मुलगी, डफ वाजवत.

"बापाचं नाव आहे," मावशी म्हणायच्या, "बापाच्या गावाचं आहे, शत्रूच्या गावांची आहेत. आणि जिचा जीव गेला तिचं नाही! माझ्या वर्गात एखादी मुकी बसली असती तरी तिला नाव असतं."

म्हणून त्यांनी तिला हनूना हे नाव दिलं. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. शास्त्रात ती मुलगी बापाकडे दोन महिने मागून घेते आणि मैत्रिणींबरोबर डोंगरांत जाऊन रडते. मावशींची हनूना गात गात डोंगरावर जाते, मरत नाही, गुहेत राहते आणि मूल नसलेल्या बायका तिच्याकडे प्रार्थनेला येतात. मजकूर टाइप मीच करत होतो, म्हणून विचारलं, "मावशी, तिचं रडणं कुठे गेलं?"

"रडकी पोर कोण वाचणार? तू यंत्राचं शिकलास ना, मग यंत्र चालव."

पुस्तक छापून आलं तेव्हा चर्चच्या आवारातल्या दुकानात वाद झाला. आमचे पाद्री अबूना, म्हणजे फादर, बसीलियूस म्हणाले, "बाई, ही कादंबरी. गोष्टींच्या फळीवर ठेवू."

"गोष्टींच्या? ससा आणि कोल्ह्याशेजारी? इफ्ताहाला मी जन्माला घातलं का, अबूना?"

"इफ्ताहाला नाही. पण ती गुहा तुम्हीच खणलीत."

"मग काय झालं? भक्तीनंच खणली."

अबूना हसले आणि हरले. हनूना संतचरित्रांत जाऊन बसली. बायकांनी पुस्तक घरोघरी नेलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी मुलींकडून वाचून घेतलं. मावशी त्या दिवसांत रस्त्यानं जरा ताठ चालायच्या.

मग मार्साच्या मुलीचा बाप्तिस्मा आला. मार्सा शेजारच्या बेकरीवाल्याची बायको, मावशींची जुनी विद्यार्थिनी. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. सासू येताजाता टोमणे मारायची, "आमच्या भट्टीत पाव फुगतो, हिचं पोट नाही." शेवटी मुलगी झाली. रिवाजाप्रमाणे ऐंशी दिवस भरल्यावर तिला चर्चमध्ये आणलं. मार्सानं मावशींना मुद्दाम पुढे उभं केलं. मी फोनवर चित्रण करत होतो.

"नाव काय ठेवायचं?" अबूनांनी विचारलं.

"हनूना."

मावशींचा चेहरा असा उजळला की मी फोन त्यांच्याकडेच वळवला.

"हेच नाव का गं?" अबूना म्हणाले.

"संत हनूना, अबूना! तुम्हाला ठाऊक नाही? तिलाच तर नवस बोलले होते. मूल दे, मग तुझ्या बापानं तुला दिलं तसंच मी माझं देवाला देईन. सहा वर्षांची झाली की मठात, सिस्टरांपाशी सोडणार. परत बघायलासुद्धा जायचं नाही, असं बोललेय."

बाप्तिस्म्याच्या हौदाभोवतीची माणसं मार्साकडे वळली. सासूनं तोंडावर हात ठेवला; तिलाही हे आत्ताच कळत होतं.

"मार्सा," मावशींचा आवाज फाटला, "काय बोलतेस तू?"

"तुम्हीच लिहिलंय ना, बाई. हनूना रडलीसुद्धा नाही. गात गेली. माझीपण गातच जाईल."

 मावशींनी हौदाचा काठ धरला. "ती नाही आहे," त्या म्हणाल्या. "हनूना नाही आहे. नाव मी दिलं. गुहा मी रचली. गाणं मी रचलं."

"असं कसं? पुस्तक संतांच्यात आहे."

"मीच ठेवायला लावलं."

मार्सानं अबूनांकडे पाहिलं. अबूनांनी मान खाली घातली. "मग मी रोज रात्री कुणाशी बोलत होते?" तिनं विचारलं. "मला वेड्यात काढलंत सगळ्यांनी! आणि नवस? हन्नेनं नवसानं झालेला मुलगा शमुवेल दिलाच की देवळात. तेही खोटं?"

"ते शास्त्रात आहे," अबूना म्हणाले. "पण शमुवेलची आई दरवर्षी त्याला झगा शिवून भेटायला जायची. आणि दुसऱ्याचं आयुष्य तू नवसात देऊ शकत नाहीस, पोरी. त्या नवसातून मी तुला मोकळं करतो. पाप लागलंच तर ते माझ्याकडे आणि बाईंकडे."

मार्सा मात्र मावशींकडेच बघत होती. "खरी जी होती, शास्त्रातली. ती रडली?"

"दोन महिने," मावशी म्हणाल्या. "डोंगराडोंगरांत. शेवटी घरी परतली आणि बापानं नवस फेडला."

मार्साच्या तोंडातून एक आवाज आला. बाळाला तिनं इतकं आवळलं की ते जागं होऊन किंचाळलं. मावशींनी हात पुढे केला, तशी ती मागे सरकली.

"हात नका लावू."

मग ती अबूनांना म्हणाली, "फायका लिहा. माझ्या आईचं नाव. ती होती, मी तिला पाहिलंय."

रिवाजाप्रमाणे बाळाला घेऊन ती पश्चिमेकडे, सैतानाच्या दिशेला, वळली आणि अबूनांच्या मागोमाग सैतानाला नाकारणारे शब्द म्हणू लागली. इतर आया ते पुटपुटतात. मार्सा ओरडत होती.