आनंदीबाईंची कच्ची वही

माझं अक्षर चांगलं आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझ्याबद्दल चांगलं म्हणावं असं फारसं काही येणार नाही.

बुधवार पेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानात मी वीस वर्षं पावत्या लिहिल्या. ते बंद पडलं तेव्हा कात्रज-कोंढवा रस्त्यावरच्या एका अंजिराच्या पॅकहाउसमध्ये कागदपत्रं सांभाळायला लागलो. अंजीर परदेशी पाठवायचं तर ते नुसतं गोड असून भागत नाही. बागेची नोंदणी लागते, सातबारा लागतो, नकाशा लागतो, प्रयोगशाळेचा अहवाल लागतो आणि या सगळ्यांच्या वर फवारणीची वही लागते. कोणत्या तारखेला कोणतं औषध, किती पाण्यात, कुणी मारलं, हवा कशी होती, हे सगळं बागायतदाराने त्या त्या दिवशी लिहायचं. नियम करणाऱ्याने आयुष्यात एकही बागायतदार पाहिलेला नसावा, असं मी तेव्हा ऐटीत म्हणायचो. आमच्या बावीस जणांपैकी कुणी तारखा कॅलेंडरवर खरडायचा, कुणी पंपघराच्या भिंतीवर कोळशाने, आणि बहुतेक जण कुठेच नाही. मग हंगामाच्या तोंडावर वह्या माझ्या टेबलावर येऊन पडायच्या. पानं कोरी आणि खाली सह्या केलेल्या.

त्या मी भरायचो. माझ्याकडे फवारणीचा एक ठरलेला तक्ता होता, तोच सगळ्यांना लावायचा, तारखा एखाद-दुसऱ्या दिवसाने पुढेमागे करायच्या. पेनं तीन वापरायची, त्यातलं एक अर्धवट सुकलेलं, म्हणजे नोंदी वेगवेगळ्या दिवशी केल्यासारख्या दिसतात. पानांचे कोपरे दुमडायचे, एखाद्या पानावर चहाचा थेंब पाडायचा. मालक पियुष माझ्या मुलाच्या वयाचा. तो म्हणायचा, "काका, तुमचं डॉक्युमेंटेशन म्हणजे एकदम परफेक्ट." घरी जाताना बसमध्ये ते वाक्य मी मनातल्या मनात पुन्हा ऐकायचो.

आनंदीबाई भिलारेवाडीच्या. वय अडुसष्ट, शाळा चौथीपर्यंत. गाव महापालिकेत गेलं, भोवतालच्या भावकीने जमिनी बिल्डरला दिल्या आणि बाईंच्या ऐंशी झाडांच्या बागेवर आता तिन्ही बाजूंनी बाल्कन्या डोकावतात. त्यांनी काही बाग दिली नाही. मुलगी भाग्यश्री खराडीला नोकरीला आहे, ती घेऊन जायला तयार असते, पण बाईंना तिथे दुसऱ्या दिवशीच करमेनासं होतं. नऊवारीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट घालून त्या पहाटे तोडणीला उभ्या राहतात. अंजिराचा चीक हाताला लागला की कातडी सोलते, म्हणून तो शर्ट. नवरा गेनबा चार वर्षांपूर्वी गेले. वारसनोंदीसाठी दिरांच्या सह्या मिळवता मिळवता तीन वर्षं गेली आणि या वर्षी पहिल्यांदा बागेची नोंदणी आनंदीबाईंच्या स्वतःच्या नावावर झाली. आमच्या प्रत्येक खोक्यावर बागायतदाराच्या नावाची चिठ्ठी लागते. ते कळल्यापासून बाई येतील तेव्हा विचारायच्या, "भाऊ, माझ्या नावाची चिट्टी कधी लागंल?"

बावीस जणांत वही आणून देणाऱ्या त्या एकट्याच. शंभर पानी, शाळेची, चिकाने डागाळलेली. गेनबांनी एकदा विसरून दोन दिवसांत दोनदा औषध मारलं होतं आणि सगळी पानं करपून गेली होती. तेव्हापासून बाई लिहून ठेवत. सरकारी छापील वहीच्या खूप आधीपासून.

त्यांनी ती आणून दिली त्या दिवशी पॅकहाउसमध्ये चारपाच बागायतदार बसले होते. मी ती वही उघडली आणि मला चेव आला. खणखणीत आवाजात, बाईंच्याच हेलात मी वाचायला लागलो. "वारा व्हता. मारलं न्हाई. आज मुंगळं लई. मारलं न्हाई. तांबेरा दिसला, चार पानं खुडून जाळली. मारलं न्हाई." मंडळी हसायला लागली. मी म्हणालो, "आनंदीबाई, ही फवारणीची वही आहे की न फवारण्याची?" पुन्हा हशा. बाईही थोड्या हसल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "माझं अक्षर वंगाळ हाय भाऊ. तुमीच लिवा चांगलं." छापील वहीवर त्यांनी जिथे मी बोट ठेवलं तिथे सह्या केल्या.

त्यांची वही मी नंतर उघडलीसुद्धा नाही. टेबलाच्या खणात जेवणाच्या डब्याखाली टाकली. इतकी "मारलं न्हाई" वाचून तपासणीला कोण विश्वास ठेवणार, या हुशारीने मी त्यांच्या छापील वहीतही तोच तक्ता उतरवला. तीन पेनांनी.

एक गोष्ट मला माहीत असायला हवी होती. भिलारेवाडीचा तो उतार दक्षिणेला आहे, तिथलं अंजीर बाकीच्यांच्या आठवडाभर आधी पिकतं. बाईंनी तोडणी सुरू केली तेव्हा माझ्या तक्त्यातली तांबेऱ्याच्या औषधाची शेवटची फवारणी होऊन आठच दिवस झाले होते. त्या औषधानंतर पंधरा दिवस फळ तोडायचं नसतं. बाईंनी ते औषध आणलंही नव्हतं. ते फक्त माझ्या अक्षरात होतं.

कृषी खात्याकडून तपासणीला चैताली मॅडम आल्या. तिशीच्या, शांत, प्रत्येक पान स्वतः वाचणाऱ्या. आनंदीबाईंची छापील वही त्यांनी दोनदा वाचली, प्रयोगशाळेचा अहवाल शेजारी ठेवला आणि बाईंना खुर्ची द्यायला सांगितलं.

"आजी, तुमच्या फळाचा अहवाल स्वच्छ आहे. औषधाचा अंशही नाही. पण वहीप्रमाणे तुम्ही पंधरा दिवसांऐवजी आठव्या दिवशी तोडणी केलीत. ही नोंद तुमची आहे?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, विचारल्यासारखं. मी समोरच्या वजनकाट्याकडे बघत राहिलो.

"सही माझीच हाय," त्या म्हणाल्या.

"अक्षर?"

"त्या सांगतात, मी लिहितो," मी म्हणालो.

"लिहून देणं चालतं," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्ही कशावरून लिहिलंत? आजींची काही कच्ची वही असेल तर दाखवा. तारीख उतरवताना चुकली असेल, तर मला विचार करता येईल."

ती वही माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होती. खण ओढायचा आणि टेबलावर ठेवायची, एवढंच काम होतं. पण ती उघडली असती तर माझी वही खोटी ठरली असती, आणि मग मॅडमनी बाकीच्या एकवीस जणांच्या कच्च्या वह्या मागितल्या असत्या. मी एकवीस संसारांचा विचार केला, असं पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत होतो. तो विचार मला नंतर सुचला. त्या क्षणी मी फक्त स्वतःचा विचार केला.

"कच्ची वही कुणी ठेवत नाही, मॅडम," मी म्हणालो.

आनंदीबाईंना वही कुठे आहे ते माहीत होतं. त्यांनी स्वतःच्या हाताने ती मला दिली होती. मॅडमनी त्यांच्याकडे वळून विचारलं, "खरंच काही नाही, आजी?"

बाईंनी आजूबाजूला बसलेल्या बागायतदारांकडे एकदा पाहिलं. ज्यांनी त्या दिवशी हसून घेतलं होतं, तेच बसले होते, आणि आता सगळे जमिनीकडे बघत होते.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "माझीच चूक झाली."

बागेची नोंदणी त्या हंगामापुरती स्थगित झाली. कागदावर तसं लिहून मॅडमनी बाईंची सही घेतली. ती सही करायला त्यांना वेळ लागला. जाताना मला म्हणाल्या, "येते भाऊ," आणि चपला घालून फाटकाबाहेर पडल्या. त्यांची फळं त्या वर्षी पाट्यांत भरून मार्केट यार्डात गेली. पाटीवर कुणाचं नाव नसतं.

दोन आठवडे मी तो खण उघडला नाही, डबासुद्धा पिशवीतच ठेवायला लागलो. मग एका दुपारी पॅकहाउस रिकामं असताना वही काढली आणि पहिल्यापासून वाचली. एकही दिवस सुटलेला नव्हता. भाग्यश्रीकडे गेल्या तेव्हाही लिहिलं होतं, "खराडीला. बाग पाहिली न्हाई." शेवटचं पान मला वही दिली त्या दिवसाचं. "वही रंगनाथभाऊंला दिली. त्यांचं अक्षर मोत्यावानी हाय."

ते वाचून मला कुठे तोंड लपवावं ते कळेना. दुसऱ्या दिवशी वही पिशवीत घालून भिलारेवाडीला गेलो. काय बोलायचं ते बसमध्ये चार वेळा ठरवलं. मॅडमकडे जातो, सगळं सांगतो, असंही एक वाक्य त्यात होतं.

बाई झाडाखाली बसून फळं निवडत होत्या. मला पाहून उठल्या, पाणी दिलं. मी वही पुढे केली. त्यांनी ती पदराने पुसली आणि बाजूला ठेवली. तिथे आधीच एक नवी वही होती, तशीच शंभर पानी.

"बघू का?" मी विचारलं. कशासाठी विचारलं देव जाणे.

त्यांनी दिली. मी तपासणीची तारीख शोधली. तिथे लिहिलं होतं, "मॅडम आल्या. मी खोटं बोलले. आज काही मारलं न्हाई."

एवढंच. मी वरची पानं पाहिली, खालची पाहिली. माझं नाव कुठेच नव्हतं.

"आनंदीबाई, माझं का नाही लिहिलंत?" मी विचारलं.

"तुमचं कशाला?" त्या म्हणाल्या. "माझ्या वहीत माझ्या बागेचंच लिवते मी."

बसमध्ये ठरवलेल्या वाक्यांपैकी एकही मला बोलता आलं नाही. मॅडमकडे जाण्याचं वाक्यसुद्धा नाही. आणि ते मी अजून कुणापुढे बोललेलो नाही. वह्या भरायचं मात्र सोडलं. मंडळी म्हणतात, काकांना हल्ली शहाणपण जास्त झालंय.

निघताना बाईंनी पानांत गुंडाळून डझनभर अंजिरं पिशवीत घातली. मी नको म्हणालो. "बागेतून रिकामं जाऊ न्हाई," म्हणाल्या, "आन् खावा बिनघोर, यंदा काय बी मारलं न्हाई."

घरी बायकोने पिशवी रिकामी केली. एक अंजीर मोडून पाहिलं, तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. "किती सुरेख आहेत हो. कुणी दिली?"

"मंडईतून आणली," मी म्हणालो.