देवदारांच्या बनात आबांचे हात सुटले

साल पंच्याण्णव-शहाण्णव असेल. दिवाळीत कापड कारखान्यातले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद झाले आणि आमच्या गोडादऱ्याच्या कामगार वस्तीतल्या गल्लीतून हिमाचलला बस निघाली. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी हट्टानं तिच्यात बसवलं. आईनं कपाळावर हात मारला. लूमच्या खडखडाटानं आबांचे कान गेले होते आणि तेव्हापासून ते माणसांत बसतच नव्हते.

कारखान्यात सगळेच हातांनी नि ओठांनी बोलत. डबा पोहोचवता पोहोचवता ती बोली मीही शिकले होते. पण घरी हात हलवला की आबा खवळायचे, "मी काय मुका शे का?" मग मीही चिडायचे. बोलायचं तरी कसं या माणसाशी?

तिथल्या एका डोंगरी गावात पोचलो तर लाकडी घरं, दगडी पाट्यांची छपरं, अंगणात वाळत घातलेले अक्रोड. गावाला लागूनच देवदारांचं जुनं बन. अगं बाई, काय ती झाडं! मान मोडेपर्यंत वर बघितलं तरी शेंडा दिसेना. आमची अख्खी बस कलकलाट करत आत घुसणार, तोच गावातल्या एका म्हाताऱ्यानं अडवलं. "देवता का बन है. अंदर कोई बोलेगा नहीं."

झालं! आमची माणसं आणि गप्प? आई तर तोंडात पदर कोंबून चालत होती. आबांना मी खुणेनं सांगितलं, इथं कुणीच बोलायचं नाही. त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि काय सांगू, त्यांचे हातच सुटले! हातांनीच म्हणाले, हा बुंधा आपल्या खोलीत मावायचा नाही. तो पुढचा माणूस बघ, कसा धापा टाकतोय. मुळांवरून जपून ये. मीही भराभर हात चालवत होते, हसू दाबून दाबून पोट दुखायला लागलं. किती साठलं होतं या माणसाकडे! मला तिथंच नाचावंसं वाटत होतं.

बन संपत आलं तशी मी मुद्दाम हळूहळू पावलं टाकू लागले. बाहेर सगळे बोलायला लागणार, आणि आबा परत गप्प होणार.

बाहेर चहाच्या टपरीवर एकच कल्ला झाला. कुणीतरी काही बोललं, सगळे खो-खो हसले. आबा टोकाला बसले होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. तेवढ्यात त्यांनी माझा खांदा हलवला आणि सगळ्यांदेखत हात उचलून विचारलं, का हसले?

मी हातांनी सांगितलं. आबा सगळ्यांच्या मागून, एकटेच, खळखळून हसले.