नवसाचे केस

कात्री हातात घेण्याआधी न्हावीबाबा गिऱ्हाइकाचं सगळं डोकं बोटांनी चाचपून पाहायचे, तेही डोळे मिटून. कुणी घाई केली की म्हणायचे, "थांब ना बाप्पा, डोक्स्याची अन् माही वळख तं होऊ दे!" पाटील असो की माझ्यासारखा कंपाउंडर, यातून सुटका नव्हती.

समुद्रपूरला आमच्या सरकारी दवाखान्यासमोर, कडुनिंबाखाली हे न्हावीबाबा बसत. दुकान म्हणजे एक पाट, एक पेटी आणि अखंड चालणारं तोंड. ही पन्नास सालानंतरची गोष्ट. वर्धा तेव्हा मध्य प्रदेशात होतं.

एकदा एका शेतकरी जोडप्याने त्यांना गिरडला नेलं. पाच वर्षांच्या लेकीचं जावळ नवसाचं होतं, टेकडीवरच्या दर्ग्यात वाहायचं होतं. बाबांनी सवयीने केसांत बोटं घातली आणि कानाच्या वर थबकले.

"बैलबंडीवरून पडली व्हती. टेंगूळ हाय," आई म्हणाली.

"टेंगूळ बसून जाते, बाई. हे हाडातून वर येऊन राह्यलं." त्यांनी वस्तरा पेटीत ठेवला. "आंधी दवाखाना, मंग नवस."

भरल्या पाहुण्यांत नवस अडवला म्हणून त्या बाईने त्यांना काय काय शिव्या दिल्या, ते बाबाच नंतर आम्हाला हसत सांगायचे.

नागपूरच्या मोठ्या इस्पितळात निदान झालं. कवटीच्या हाडाचा कॅन्सर, मुलांमध्ये क्वचितच होणारा. तो पसरायच्या आत ऑपरेशन व्हायला हवं होतं. पण आईने पोरीचं डोकं पदराखाली घेतलं. नवसाचे केस इस्पितळाच्या केरात जाऊ द्यायला ती तयार नव्हती, आणि डॉक्टर पोरीला गिरडला न्यायला तयार नव्हते.

आमच्या दवाखान्यात निरोप आला, तो मीच बाबांना सांगितला. ते तडक उठले. "अडवलं म्या, तं निस्तरतो बी मीच."

वॉर्डात त्यांनी आईला पदर पसरायला लावला आणि त्या गाठीभोवती इतक्या हलक्या हाताने वस्तरा फिरवला की पोर झोपून गेली. एक केस जमिनीवर पडला नाही. मग ते केस फडक्यात बांधून बाबा स्वतः गिरडची टेकडी चढले. इकडे ऑपरेशन झालं.

मुलीला दोन वर्षं मिळाली आणि ती तिने पुरेपूर वापरली. शाळेत गेली, बोरं पाडली, भांडणं केली, एका बाजूला विरळ असलेल्या केसांच्या दोन वेण्या घातल्या. बाजाराच्या दिवशी येऊन ती उलट बाबांचंच टक्कल चाचपायची आणि बाबा निमूट बसायचे. दवाखान्याच्या खिडकीतून ते पाहताना मला फार बरं वाटायचं.

पुढे खोकला सुरू झाला. एक्स-रेत दिसलं, रोग फुप्फुसांत पोचला होता. मुलगी घरीच, आईच्या कुशीत गेली. त्यानंतर आठ दिवस बाबांनी पाटावर बसूनही पेटी उघडली नाही. मला ते बघवत नव्हतं.

चारेक वर्षांनी बाबा गेले. दहाव्याला नदीवर त्यांचे मुलगे केस उतरवायला बसले, तेव्हा त्या मुलीचा बाप येऊन रांगेच्या टोकाला बसला. वस्तरा धरलेला बाबांचा भाचा गडबडला.

"तुमी काऊन, पाटील? तुमचं ना नातं, ना जात."

मुलीच्या बापाने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माह्या पोरीले दोन वर्सं बाबायनं देल्ली," तो म्हणाला आणि त्याने मान खाली केली.