काकांचं वळण

आमचे काका शिंपी. त्यांचं दुकान पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे, म्हणजे धड कुठल्याच मजल्यावर नाही. जिना जिथे वळतो तिथल्या सपाट जागेत, खिडकीला लागून, त्यांचं मशीन, स्टूल आणि कपड्यांचं गाठोडं. वर त्यांच्या घरात भर दुपारी दिवा लावावा लागतो, आणि दिव्याच्या उजेडात काकांना काळ्या कापडावरचा काळा दोरा हल्ली दिसत नाही. खिडकी गेली की काम गेलं.

या जागेला सगळी इमारत ‘वळण’ म्हणते. ‘माझी पँट वळणावर आहे’ असं कुणी म्हणालं की नव्या भाडेकरूला वाटतं, पँटचं काही खरं नाही.

गंमत म्हणजे वळणाच्या आधीच्या पायरीवर लोक चपला काढतात. पाटी नाही, कुणी सांगितलेलं नाही. फक्त वर जाणारा माणूससुद्धा चपला हातात घेतो, अनवाणी वळण ओलांडतो आणि पलीकडे पुन्हा पायात घालतो. काकू म्हणायची, “ह्यांना स्वतःच्या पोरांना वळण लावता आलं नाही, इमारतीला मात्र लावलं.”

मग इमारतीच्या सेक्रेटरींनी जिना अडतो अशी तक्रार केली आणि अग्निशमन खात्याचे साहेब पाहणीला येणार असं ठरलं. त्यांच्या कचेरीतून निरोप आला तो असा: मशीन भिंतीला चिकटून असेल आणि वाट मोकळी असेल, तर बघू. पण जिन्यात खोली थाटलेली दिसली, तर त्याच दिवशी उचलायचं.

त्या सकाळी आम्ही सतरंजी उचलली, कॅलेंडर काढलं, गाठोडं आणि स्टूल घरात नेलं. वळण पुन्हा जिना दिसायला लागलं. तेवढ्यात काकूने कपाळावर हात मारला.

“अरे, चपला! माणसं चपला काढून येताना दिसली, तर खोलीच झाली की!”

ती दारोदार फिरली. “आजच्या दिवस चपला घालून जा हो.” तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई म्हणाल्या, “माझ्याच्याने नाही होणार काकू. त्यापेक्षा मी सुट्टीच टाकते.”

काका आयत्या वेळी काहीतरी बोलून बसतील, म्हणून त्यांना खाली फाटकापाशी बसवलं होतं.

साहेब आले ते जाड बूट वाजवत. थेट वळणावर. मागून सेक्रेटरी. त्या पायरीवर सेक्रेटरींची टाच बुटातून अर्धी बाहेर आली. मी बघतोय हे बघून त्यांनी ती घाईघाईने परत आत कोंबली.

साहेबांनी टेप लावून वाट मोजली. एकदा, मग पुन्हा. काकूने माझं मनगट असं धरलं होतं की हाताला मुंग्या आल्या.

“वाट आहे तशी,” साहेब म्हणाले. “मशीन भिंतीला आहे. जाता-येता माणूस उभ्याने काम करतो, असं लिहिता येईल. बोलवा त्यांना, सही लागेल.”

मी खिडकीतून हाक मारली. काका हळूहळू वर आले. त्या पायरीशी थांबले. उजवी चप्पल काढली, डावी काढली, दोन्ही पायाने जुळवून बाजूला सारल्या आणि वळणावर पाऊल ठेवलं.

साहेबांचं पेन थांबलं.

“चपला का काढल्या?”

“चपलेचा अंगठा तुटलाय त्यांच्या,” मी घाईने म्हणालो. “परवापासून.”

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कापड उलटं बेतलंय. “चांगला धड आहे की.” मग साहेबांना म्हणाले, “आत आलो ना, म्हणून.”

साहेबांनी एकदा स्वतःच्या बुटांकडे पाहिलं, थोडे मागे सरकले, आणि मग लिहिलं.

दुपारीच मशीन उचललं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सेक्रेटरी. बिचारे स्वतःहून आले होते. उचलण्याआधी त्यांनी बूट काढले.

“आता कशाला?” काकूने टोमणा मारला. त्यांनी बूट पायाने बाजूला सारले.

काका आता घरात, दिव्याखाली शिवतात. काळं कापड घेत नाहीत. सुईत दोरा ओवायचा असला की तेवढ्यापुरते वळणावर येतात, रिकाम्या खिडकीशी उभे राहतात. चपला वरच्या बाजूच्या पायरीवर.