तात्यांच्या फ्लेक्सवर माझा नंबर

भागवतनं बूट दाराबाहेर काढले, सीताफळांची टोपली माझ्या टेबलावर ठेवली आणि मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. स्क्रीनवर एका फ्लेक्सचं डिझाईन होतं. वर तात्यांचा हात जोडलेला फोटो, खाली हिरवीगार बाग, बागेत पळणारी गोरी गोरी पोरं, आणि कोपऱ्यात जाड लाल अक्षरांत ‘रेरा नंबर’. त्यापुढचे आकडे मी वाचले. नंबर माझा होता.

“कसं वाटतंय अप्पा? तात्या म्हनले, आधी अप्पाला दाखीव.”

“चांगलं आहे,” मी म्हणालो. दुसरं काही म्हणायची माझी छाती झाली नाही.

मी मन्मथअप्पा. परळीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं ऑफिस आहे. तिथे पूर्वी वडिलांचं भुसार दुकान होतं. त्याचे मी दोन भाग केले, एक भाड्यानं दिला आणि दुसऱ्यात बसून प्लॉट-घरांच्या खरेदी-विक्रीची कामं करतो. आधी आम्हाला दलाल म्हणायचे, आता एजंट म्हणतात. तात्या म्हणजे आमच्या भागातले वजनदार पुढारी. त्यांनी कुणाच्या अंगावर हात टाकल्याचं मी पाहिलेलं नाही. पण त्यांना नाही म्हणून सुखानं धंदा करणारा माणूसही पाहिलेला नाही. भागवत हा त्यांचा उजवा हात. त्याचा आवाज कधी चढत नाही, तोंडात शिवी नसते, आणि कुणाच्याही ऑफिसात शिरताना तो बूट बाहेर काढतो. मला त्याची भीती वाटते ती यामुळेच.

त्या नंबरात एवढं भिण्यासारखं काय होतं, ते सांगतो. रेरा हा घर-प्लॉट घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा. त्यात नोंदण्या दोन प्रकारच्या. एक प्रोजेक्टची, म्हणजे त्या प्लॉटिंगची. तिचा नंबर ‘पी’ अक्षरानं सुरू होतो. जागेची कागदपत्रं दाखल झाल्याशिवाय तो मिळत नाही. दुसरी नोंदणी आमच्यासारख्या एजंटाची. तिचा नंबर ‘ए’नं सुरू होतो. हा माणूस एजंटाचं काम करू शकतो, एवढंच तो सांगतो. जागा चांगली की वाईट, याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. पण गिऱ्हाईक इतकं खोलात कशाला जातंय? ‘रेरा नंबर’ दिसला की त्याला वाटतं, सगळं पक्कं आहे.

तात्यांच्या धारूर रोडच्या प्लॉटिंगला पी नंबर नव्हता. मिळणारही नव्हता. सातबाऱ्यावर त्यांच्या चुलत बहिणीचं नाव होतं, ती केजला राहत होती आणि सही द्यायला तयार नव्हती. ही गोष्ट गिऱ्हाइकं सोडून सगळ्यांना माहीत होती. म्हणून माझा ए नंबर त्या बागेच्या कोपऱ्यात जाऊन बसला होता.

“पण भागवत, माझ्या नंबरची पाच वर्षं संपत आलीत,” मी जरा धीर करून म्हणालो. “रिन्यूअल राहिलंय.”

पूर्वी रिन्यूअल म्हणजे फी भरली की झालं. आता तसं नाही. आधी ट्रेनिंग, मग परीक्षा, पास झालात तर सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेट असेल तरच रिन्यूअल. मला वाटलं, हे ऐकून तो दुसरा एजंट बघेल.

“ठावं हाय की,” भागवत म्हणाला. “तुमची फी भरली तात्यांनी. लातूरचं सेंटर घेतलंय. मीच घिऊन जानार तुमाला. तुमी पास व्हा, की फ्लेक्स लागले.”

तो गेल्यावर मी सीताफळांकडे बघत बसलो. बालाघाटच्या डोंगरातली, डोळे उघडलेली, वासानं ऑफिस भरून टाकणारी सीताफळं. मी एकही खाल्लं नाही.

ट्रेनिंग लातूरच्या एका हॉलमध्ये होतं. बहुतेक पोरं माझ्या मुलाच्या वयाची. शिकवायला एक वकील मॅडम होत्या. दुसऱ्या दिवशी सातबारा आणि फेरफार हा विषय निघाला आणि पोरांना काही केल्या समजेना. मॅडमनी मला उभं केलं. “अप्पा, तुम्हीच सांगा यांना तुमच्या भाषेत.” मी सांगितलं. जमीन विकली की आधी फेरफाराची नोंद होते, ती मंजूर झाली की सातबाऱ्यावरचं नाव बदलतं, एका वारसाची सही राहिली तर पुढं काय काय होतं, हे सगळं फळ्यावर काढून दाखवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी खुशीत वळून पाहिलं तर दारात भागवत उभा होता, हातात चहाचा कप घेऊन.

मग एका पोरानं विचारलं, “मॅडम, प्रोजेक्टची नोंदणीच नसली आणि एजंटानं जाहिरात केली, तर कोण सापडतं?”

“आधी एजंट,” मॅडम म्हणाल्या. “जाहिरातीत मालकाचा फोटो असतो, पण नंबर एजंटाचा असतो. दंड सुरू झाला की रोजच्या रोज वाढत जातो. नोंदणी जाते ती वेगळीच.”

पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं. मला ते उतरवून घ्यायची गरज नव्हती.

घरी आलो तर बसू येऊन बसलेला. बसू म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, थर्मल वीजकेंद्रात नोकरीला. स्वतःचं घर बांधायचं म्हणून कैक वर्षं पोटाला चिमटा घेऊन राहिलेला माणूस.

“दाजी, धारूर रोडला प्लॉट घ्यालाव आमी,” तो म्हणाला. “ड्यूटीवरले धा-बारा जन मिळून. तुमचा नंबर येनार म्हनं त्याच्यावर. न्हाईतर तात्याच्या जमिनीत पाय कोन ठिवतंय!”

त्याला खरं सांगावं, तर बसूच्या पोटात काही राहत नाही. सकाळी त्याला सांगितलेलं दुपारी थर्मलच्या कँटीनमध्ये आणि संध्याकाळी तात्यांच्या बंगल्यावर पोचलं असतं. मग भागवत बूट काढून आत आला असता. मी नुसती मान हलवली आणि म्हणालो, “घाई करू नको. फ्लेक्स तर लागू दे.”

पुढचे काही दिवस मी पुस्तक पुढ्यात धरून बसायचो, पण एक ओळ डोक्यात शिरत नव्हती. नाही म्हणालो तर तात्या. हो म्हणालो तर कायदा, आणि बसूचा संसार मातीत. आजारी पडावं म्हटलं तर फी भरलेली, गाडी ठरलेली. सुमनला, माझ्या बायकोला, वाटलं मी परीक्षेला घाबरलोय. तिनं चहा ठेवता ठेवता मला झापलं.

“जरा नीट वाचा की. नापास झालात तर नंबर बी जाईल आन अब्रू बी. गावात तोंड कुठं दाखवायचं?”

मी मान वर केली. नंबर बी जाईल. हे माझ्या कसं लक्षात आलं नव्हतं?

त्या क्षणापासून मी खरा अभ्यासाला लागलो. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण नापास व्हायलाही अभ्यास लागतो. एका प्रश्नाला चार उत्तरं दिलेली असतात आणि पास व्हायला मार्क फार लागत नाहीत. डोळे मिटून खुणा केल्या आणि नशिबानं धक्का दिला तर माणूस पास होऊन बसायचा. पक्कं नापास व्हायचं तर बरोबर उत्तर कोणतं ते माहीत हवं. शिवाय अगदीच भोपळा मिळाला तर संशय येणार. नापासाला शोभेल असं नापास व्हायचं होतं. सुमनला यातलं काही सांगितलं नाही.

परीक्षेच्या दिवशी भागवत वेळेआधी दारात हजर. अंबाजोगाई सोडल्यावर ड्रायव्हरनं गाडी दामटली, तसा पुढं बसलेला भागवत मागं न बघता म्हणाला, “हळू घे बे, अप्पाला परीक्षेला बसायचंय.” मग थोड्या वेळानं, तितक्याच शांतपणे, “मागं आमच्याकडं एक एजंट हुता. त्यो बी ऐन टायमाला आजारी पडला.”

“मग?” मी विचारलं.

“अजून आजारीच हाय.”

लातूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिलो. काय दिसलं ते आठवत नाही.

सेंटरवर कॉम्प्युटरसमोर बसलो आणि पहिला प्रश्न वाचला. येत होता. दुसरा, तोही येत होता. आयुष्यात कोणत्याच परीक्षेत मला इतके प्रश्न आले नव्हते. बरोबर उत्तरावर बाण जायचा, मी तो ओढून दुसरीकडे न्यायचो. मध्ये मध्ये एखादं उत्तर खरं देत होतो आणि मनात हिशेब ठेवत होतो. तेवढ्यात तो प्रश्न आला. नोंदणी नसलेल्या प्रकल्पाची जाहिरात केल्यास जबाबदार कोण? ग्राहक, बँक, तलाठी, एजंट. मी तलाठ्यावर क्लिक केलं. मनातल्या मनात तलाठ्याची माफीही मागितली.

बाहेर भागवत गेटला टेकून उभा होता.

“कसा गेला?”

“अवघड होता.”

त्यानं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि गाडीचं दार उघडलं.

निकाल लागेपर्यंतचे दिवस वाईट होते. माझा हिशेब चुकला असला तर? वैद्यनाथाच्या देवळात गेलो, हात जोडले, पण मागणं काही तोंडातून निघेना. देवाला काय सांगायचं, मला नापास कर म्हणून? शेवटी मोबाईलवर मेसेज आला. अनुत्तीर्ण. मी भागवतला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, “बरं. तात्यांना सांगतो,” आणि फोन ठेवला.

मग कुणीच आलं नाही. फोन नाही, माणूस नाही. ऑफिससमोर गाडी थांबली की मी दाराकडे बघायचो. सुमन तर बोलायचीच बंद झाली होती. एका दुपारी भागवत आला. या वेळी टोपली नव्हती.

“तात्या लई हसले,” तो म्हणाला. “म्हनले, अप्पाच्या डोक्यात आता भुसारच राहिलंय.”

तो स्वतः हसला नाही. पण तात्या हसले म्हटल्यावर गावाला मोकळीकच मिळाली. चहाच्या हॉटेलात माझा नवा धंदा काय असावा यावर चर्चा व्हायच्या. “अप्पा, गाईड आनून देऊ का?” असं पोरंटोरंही विचारायची. मी सगळ्यांबरोबर हसायचो. इतकी स्वस्तातली सुटका दुसरी कोणती होती?

माझी नोंदणी संपली, नंबर बंद पडला. फ्लेक्स लागले, पण कोपरा रिकामा होता. बसूनं थर्मलच्या मंडळींना घेऊन जाऊन विचारलं, “नंबर कावून न्हाई?” साइटवरच्या पोरांनी उडवाउडवी केली, तशी मंडळी माघारी आली. बसू माझ्यावर चिडला होता. “दाजी, तुमच्यापायी प्लॉट गेला माझा,” असं तो सगळ्यांना सांगत सुटला. मी ऐकून घेतलं. बुकिंग काही उठलं नाही आणि फ्लेक्सवरची बाग उन्हानं पिवळी पडली.

नंबराशिवाय मला काम करता येईना. भाड्यावर घर चाललं, पण रोज ऑफिस उघडून नुसतं बसायचं म्हणजे शिक्षाच. पुढच्या पावसाळ्यात मी कुणाला न सांगता एसटीनं लातूरला गेलो आणि परीक्षा दिली. या वेळी तलाठ्याला त्रास दिला नाही. पास झालो, नव्यानं अर्ज केला, ए अक्षराचा नवा नंबर मिळाला.

सीताफळं बाजारात यायला लागली आणि एक दिवस दाराबाहेर बूट काढल्याचा आवाज आला.

“पास झालात म्हनं,” भागवत टोपली ठेवत म्हणाला.

“झालो.”

“तात्यांनी एक इचारायला लावलंय. लातूरची म्याडम तुमाला उभं करून दुसऱ्यांना शिकवायला लावत हुती. मी सोता दारातून ऐकलं हुतं. त्योच मानूस नापास कसा झाला?”

त्यानं उत्तराची वाट पाहिली नाही. मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. तोच फ्लेक्स, तीच बाग, कोपऱ्यात नंबरापुरती जागा मोकळी.

“आता टाकू न्हवं?”

नापास व्हायची सोय या वेळी उरली नव्हती. मी बोललो, पण आवाज माझा मलाच ऐकू आला नाही. म्हणून पुन्हा बोललो.

“तिथं पी नंबर लागतो, भागवत. तात्यांच्या बहिणीची सही घ्या, पी नंबर काढा. मग माझा नंबर मी स्वतः आणून देतो. तोवर नाही.”

“तात्यांना असंच सांगू?”

“असंच सांग.”

तो उठला. दारात बसून एकेक नाडी नीट बांधली. मग उभा राहून म्हणाला, “सीताफळं पिकलीत अप्पा. आजच खावा.”

ती टोपली आम्ही कुणी खाल्ली नाही आणि कुणाला दिलीही नाही. सुमननं ती न्हाणीच्या मागं खड्डा करून पुरली. त्याआधी मी तिला सगळं सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, “बसूला मी सांगते.” मी म्हणालो, सांग. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

त्याला काही महिने झाले. तात्यांनी पी नंबर काढलेला नाही आणि माझा ए नंबर छापलेला नाही. अजून तरी काही झालेलं नाही. ऑफिससमोर गाडी हळू झाली की मी अजून हातातलं काम सोडून दाराकडे बघतो.

प्लॉट घेणाऱ्यांसाठी कामाचं तेवढं सांगतो. फ्लेक्सवर रेरा नंबर दिसला की पहिलं अक्षर वाचा. पी असेल तर तो नंबर रेराच्या वेबसाइटवर टाकून जागेची कागदपत्रं बघा. नुसता ए असेल तर तो आमच्यापैकी कुणाचा तरी आहे. त्या माणसाला शोधा, एकट्याला गाठा आणि विचारा, हा नंबर तू दिलास की कुणी घेतला? तो लगेच बोलला नाही, तर तिथे प्लॉट घेऊ नका.