धारेची साडी

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे पुढं मी म्हशीवर ओरडलो, शेजाऱ्यावर ओरडलो, हे वाचून कुणाला आश्चर्य वाटायला नको. बायको म्हणते, उन्हाळ्यात तुमच्या डोक्यावर भाकरी भाजून निघेल. ती म्हणते ते बहुतेक खरं असतं.

आमचं रान नारायणगाव आणि मंचरच्या मधे, हायवेपासून जरा आत. दीड एकर जमीन, एक विहीर, एक म्हैस, दोन शेळ्या आणि थोड्या कोंबड्या. उन्हाळ्यात कांदा काढून चाळीत पडला की लोक विचारतात, आता काय, निवांत का? कसला आलाय निवांत! ठिबकवर काकडी आणि गवार असते. गवार वेळेवर तोडली नाही तर जून होते, आणि पानाआड लपलेली काकडी नजर चुकवून दुधीएवढी होऊन बसते. वीज तिच्या मर्जीनं येते, तेव्हा हातातलं काम टाकून मोटरीकडं पळायचं. भर उन्हात गवार तोडताना हाताला जी खाज सुटते, ती ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत.

म्हशीचं सगळं बायकोकडं. ही म्हैस लहान वगार असताना बायकोच्या माहेराहून, मढच्या बाजूनं, आमच्याकडं आली. हिनंच तिला वाढवली. यंदा म्हैस व्याली आणि थोड्याच दिवसांत रेडकू गेलं. काय झालं होतं कुणास ठाऊक, दूध पिईना आणि एका सकाळी उठलंच नाही. त्यानंतर म्हशीनं जो धसका घेतला, तो हिच्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देईना. ही खाली बसायची, म्हशीच्या पोटाला कपाळ टेकायची आणि बोलायला लागायची. दिवसभराचं सगळं गाऱ्हाणं म्हशीला सांगायची. त्यातलं निम्मं माझ्याबद्दलचं असायचं, म्हणून धारेच्या वेळी मी गोठ्याकडं फिरकत नसे. पण तिचं बोलणं सुरू झालं की म्हैस डोळे मिटायची, पान्हा सोडायची आणि कासंडीत धारा वाजायला लागायच्या.

हिच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन करायचं दोन वर्षं चाललं होतं. आधी पेरणी, मग लग्नसराई, मग कांदा, असं करत हिनं ते पुढं ढकललं. शेवटी कांदा चाळीत गेल्यावर मुलीनं हट्टच धरला आणि मंचरच्या दवाखान्यात तारीख घेतली. सासरहून ती स्वतःच गाडी घेऊन आली. गाडी आली तीही लवकर. ही धार काढत होती, बाहेर हॉर्न वाजला, तशीच उठली, चांगली साडी पिशवीत कोंबली आणि अंगावरच्याच साडीत गाडीत बसली. अंघोळ तिथंच करायला सांगितलीय म्हणाली. काचेतून डोकं बाहेर काढून तिनं मला बजावलं, "म्हैस आटू द्यायची न्हाई. आन् काय बी झालं तरी इंजेक्शन टोचून दूध काढायचं न्हाई. तिनं आधीच एक सोसलंय."

मी हो म्हटलं. म्हैस आटली तर व्यापारी दारात येणार, आणि घरी आल्यावर गोठा रिकामा दिसला तर हिची काय गत होईल, हे मला चांगलं माहीत होतं. ऑपरेशनच्या भीतीनं नाही, पण त्या म्हशीपायी ती रडली असती.

ती गेल्यावर घर खायला उठलं. मग मी कामाला लागलो. बाईमाणूस नाही तर घराचा उकिरडा केला असं कुणी म्हणू नये म्हणून अंगण झाडलं, भांडी घासली, आणि गोठ्याच्या दोरीवर लोंबकळणाऱ्या हिच्या कामाच्या साड्या बघितल्या. शेणानं माखलेल्या, पेंडेनं कडक झालेल्या. म्हटलं, आल्यावर खूश होईल. विहिरीच्या हौदावर बसून पावडर लावून सगळ्या साड्या चोपून काढल्या. तारेवर वाळत घातल्या तेव्हा मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

संध्याकाळी कासंडी घेऊन म्हशीजवळ बसलो. तिनं मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि लाथ घातली. कासंडी एकीकडं, मी एकीकडं.

आमच्याकडं याला एक ठरलेला उपाय आहे. बायको माहेरी गेली की पुरुषमाणूस तिची साडी अंगावर घेऊन धार काढतो. यात कुणाला लाज वाटत नाही, फक्त गंमत केल्याशिवाय कुणी सोडत नाही. मीही लेंग्यावर साडी गुंडाळली, डोक्यावर पदर घेतला आणि बसलो. म्हशीनं नाक पुढं केलं, वास घेतला, फुर्र केलं आणि दुसरी लाथ घातली. सकाळी पुन्हा तेच. शेजारीण बिचारी मदतीला आली, तिलाही म्हशीनं जवळ येऊ दिलं नाही. एवढंच काय, डुकरं येऊ नयेत म्हणून काकडीच्या कडेनं हिच्या जुन्या साड्या बांधल्या होत्या, त्यातली एक सोडून आणून बघितली. उन्हानं तिचा रंग गेला होता, वास कुठला राहणार. मी म्हशीला काय काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही.

कास तट्ट फुगली होती. म्हैस वैरण सोडून पाय आपटत उभी होती. जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. त्यानं कास चाचपली, गरम पाण्यानं शेकायला सांगितलं आणि म्हणाला की कसंही करून दूध मोकळं करा, आज झालं नाही तर कास सुजून दगडी होईल आणि सड कायमचे जातील. तो गेल्यावर शेजारी जवळ आला. त्याच्याकडं पान्ह्याचं इंजेक्शन होतं, चोरून मिळतं तसलं. भाऊ, एकदा टोच, कुणाला कळतंय, असं त्याचं म्हणणं. मी त्याच्यावर खेकसलो. पण म्हशीचे हाल बघवत नव्हते, आणि खरं सांगतो, मी ती सुई हातात घेतली होती.

मग मला राहवलं नाही. ऑपरेशन आदल्याच दिवशी झालं होतं, हिला घरचं काही सांगून काळजीत टाकायचं नाही असं मुलीनं बजावलं होतं, तरी मी फोन लावला. मुलीला म्हटलं, सहज केलाय. माझ्या आवाजातच काहीतरी असणार, कारण मागून हिचा बारीक आवाज आला, दे इकडं. मी सगळं सांगितलं. तिनं फक्त विचारलं, कुठली साडी घेतली होती? मी म्हटलं, तुझी रोजचीच, स्वच्छ धुतलेली. सगळ्या धुतल्या? सगळ्या.

मग ही हसायला लागली, आणि टाके दुखले म्हणून आई गं म्हणाली, आणि पुन्हा हसली.

"अहो, म्हशीला काय तुमच्यासंगं लग्नाला जायचंय व्हय? तिला माझा वास लागतोय. माझ्या खाटेखाली पिशवी हाय, येताना नेसलेली साडी तशीच हाय त्यात. पाठवते."

दुपारी मी हायवेवर जाऊन उभा राहिलो. ऊन मी म्हणत होतं. मंचरच्या जीपवाल्यानं खिडकीतून पिशवी दिली आणि विचारलं, काय हाय राव एवढं? मी म्हटलं, औषध हाय. पिशवीची गाठ सोडली आणि आधी मीच वास घेतला. शेण, पेंड, घाम आणि तिचं खोबरेल. रस्त्यावर उभं राहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी वर्षं तो वास माझ्या घरात होता आणि मी तो धुऊन टाकायला निघालो होतो.

गोठ्याच्या कुडाशी चारपाच जण जमले होते. मी साडी गुंडाळली तसं एकानं, वहिनी चहा ठेवा, म्हणून घेतलंच. मी लक्ष दिलं नाही. म्हैस पदराशी नाक आणून मोठमोठे श्वास घेत राहिली, मग तिनं पदर चाटला. मी खाली बसलो, कपाळ टेकलं. हात लावू दिला, पण पान्हा सोडेना. तेव्हा लक्षात आलं, बोलायला पाहिजे. काय बोलायचं? हिची गाऱ्हाणी सांगायला गेलो तर एक आठवेना. लोक ऐकत होते, तरी तोंडात आलं ते पुटपुटत राहिलो. पहिली धार कासंडीत वाजली तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

मग रोज दोन वेळा हेच. सकाळी गवार तोडायची, काकडीला पाणी सोडायचं, शेळ्यांना पाला टाकायचा, आणि धारेला साडी. गावात माझं नाव वहिनी पडलं. डेअरीवर रांगेत लोक मला पुढं जागा द्यायचे, बायकांना आधी म्हणून. मी चिडायचो आणि पुढं जायचो. साडी दोरीवर वेगळी टांगून ठेवली होती, तिच्याकडं कुणी पाण्याचा तांब्या घेऊन गेलं तरी मी ओरडायचो.

ही घरी आली ती एका संध्याकाळी, धारेच्या वेळेला. अंगात नवा गाऊन, औषधांचा वास, चेहरा उतरलेला. वाकायचं नाही, उचलायचं नाही, असं मुलीनं गाडीतून उतरतानाच मला सुनावलं. पण ही घरात न जाता सरळ गोठ्यात गेली आणि हात पुढं केला. म्हशीनं वास घेतला आणि तोंड फिरवून माझ्याकडं बघितलं. मी साडी गुंडाळून तयार उभा होतो.

हिचा हात तसाच राहिला. "विसरली मला," ती म्हणाली. मी खूप वर्षांत तिचा तसा आवाज ऐकला नव्हता.

मी अंगावरची साडी सोडली आणि गाऊनवरून तिच्या खांद्यांवर घातली, पदर डोक्यावर दिला. म्हशीनं मान वळवली. पदर हुंगला, मग हात, मग तोंड वर करून रेकली, रेडकू गेल्यापासून तिनं असा आवाज काढला नव्हता. हिचा हात ती कोपरापर्यंत चाटत राहिली आणि ही रडतही होती, हसतही होती.

वाकायला बंदी म्हणून ती म्हशीच्या तोंडाशी उभी राहिली आणि खाली मी बसलो, बिनसाडीचा. कपाळ टेकलं. म्हैस शांत होती, पण ही इतकी जवळ, बोलणार कसं?

"बोला की," ही वरून म्हणाली. "मी नसताना काय बोलत व्हता?"

मी मान वर केली नाही. "लवकर घरी आण तिला, असं म्हणत व्हतो."

तिचा हात खाली आला आणि माझ्या केसांवर टेकला, आणि कासंडीत धारा वाजायला लागल्या.

आता ती ठणठणीत आहे, वाकते, उचलते, माझ्यावर ओरडते. तरी धार आम्ही अजून तशीच काढतो, ती तोंडाशी आणि मी खाली. गावाला आम्ही कारण सांगतो की म्हशीला सवय लागली.